सात ठिगळं

"थोडंसंच करा हं," असं म्हणणारं गिऱ्हाईक माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जातं. थोडंसं म्हणजे किती? कापडवाल्याकडे जाऊन थोडंसं कापड द्या म्हणतं का कोणी? फोटो काढून झाला की मी तो कॉम्प्युटरवर साफ करतो, एडिटिंग म्हणतात ते, आणि त्याला मोजपट्टी नाही. एकाला थोडंसं म्हणजे नाकावरची पुटकुळी, दुसऱ्याला थोडंसं म्हणजे वयाची दहा वर्षं आणि अर्धी हनुवटी. करून दिलं की म्हणतात हा मी नाहीच, नाही केलं की म्हणतात तुमचा कॅमेरा जुना आहे का. असं विचारणाऱ्या एकाला मी आरसा दाखवला होता. तेव्हापासून काउंटरवर बायको बसते आणि मी आत.

शेवटी कंटाळून मी एक नियम केला. आठ दिवसांत जाणारं असेल ते काढायचं, जन्मभर राहणारं असेल ते ठेवायचं. पुटकुळी, दाढी करताना लागलेलं, जागरणाचे डोळे, हे काढायचं. तीळ, जुन्या जखमेची खूण, वाकडा दात, हे ठेवायचं. बायकोनं आपल्या सुरेख अक्षरात त्याची पाटी लिहून काउंटरच्या मागे लावली आणि निम्मी भांडणं मिटली. मला त्या नियमाचा भारी अभिमान. येईल त्याला ऐकवायचो.

आणि त्याच पाटीखाली चौदा वर्षं बसलेल्या माझ्या बायकोच्या बाबतीत मी तो नियम लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून मोडत आलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तिच्या डाव्या डोळ्याखाली, पापणीपासून बोटभर अंतरावर, एक तीळ होता. गिऱ्हाईक बसायच्या आधी दिवे कसे पडतात ते बघायला मी तिलाच स्टुलावर बसवायचो. बाहेरच्या काचेत लावायचे नमुन्याचे फोटोही तिचेच. त्यामुळे एखाद्या नटीचे नसतील इतके तिचे फोटो आमच्याकडे आहेत. एकातही तीळ नाही. यात काही चुकतंय असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हात आपोआप जायचा. शर्टाचं बटण लावताना कोणी विचार करतं का?

एका शुक्रवारी हातांची सालं निघतात म्हणून ती त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली, सोबत मी. बाईंनी हात बघितले न बघितल्यासारखे केले, मलम लिहून दिलं आणि खुर्ची पुढे ओढून तिच्या गालाकडेच बघत बसल्या. दिवा असलेलं एक भिंग त्या तिळावर टेकवलं. मग शेजारी कागदाची छोटी मोजपट्टी धरून त्याचा फोटो काढला. सपाट उजेड, सावली नाही, वर ती पट्टी. माझ्या स्टुडिओत असा फोटो कोणी काढला असता तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

"हा पहिल्यापासून एवढाच आहे का?" बाईंनी विचारलं.

मी हो म्हणालो आणि त्याच क्षणी ही नाही म्हणाली. मग ती म्हणाली, म्हणजे हो, असेल. आणि मी म्हणालो, बहुतेक नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. तिळाची कड वेडीवाकडी होती आणि रंग दोन होते, हे त्यांना आवडलं नव्हतं. पण काही जणांचे तीळ सुरुवातीपासूनच तसे असतात आणि आयुष्यभर काही करत नाहीत. नुसता तुकडा काढून बघणं त्यांना पसंत नव्हतं. कापायचा तर अख्खा, शेजारच्या कातडीसकट, आणि जागा अशी अवघड की टाके पापणीला ओढणार, डोळा नीट मिटला नाही तर तो दुसराच त्रास. म्हणून उगाच कापायचा नाही, सहा महिन्यांनी परत बघू. पण तो अलीकडे वाढला असेल तर मात्र आठवडासुद्धा थांबायचं नाही, कारण एकदा आत उतरला की मग प्रश्न गालाचा राहत नाही, जिवाचा होतो. तेव्हा घोडं अडलं होतं ते एवढ्यावरच, की तो वाढलाय की नाही.

मग बाईंना आठवलं. "तुम्ही फोटोवाले ना? मग सोपंच आहे. दर वर्षाचा एकेक फोटो घेऊन सोमवारी या."

बायकोला एकदम हायसं वाटलं. फोटो तर ढिगानं आहेत, ती म्हणाली. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. जिना उतरताना तिनं विचारलं, असा घामाघूम का झालास, आणि मी म्हणालो, उकडतंय. बाहेर चांगला गार वारा सुटला होता.

शनिवारी दुकानाला कुलूप लावून मी आतल्या खोलीत शोधायला बसलो. खोली म्हणजे दोन टेबलं, एक प्रिंटर, हार्ड डिस्कची चवड आणि काचेच्या दारापलीकडे आमचं फोटो काढायचं दालन. चौदा वर्षांचे फोटो एकेक करून उघडले. दुसऱ्या महिन्यातला, गाल स्वच्छ. तिसऱ्या वर्षातला, स्वच्छ. मोठे करकरून बघितले, चुकून एखाद्यात राहिला असेल म्हणून. माझा मेला हात एकदाही चुकला नव्हता. आपण इतकं सफाईनं काम करतो याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाईट वाटलं.

कॅमेऱ्यातून निघालेले मूळ फोटो असते तर प्रश्नच नव्हता. पण काम झालं की मी ते पुसून टाकतो. जागा खातात, आणि कच्चा माल कोणाच्या दृष्टीला पडू नये हा माझा दुसरा नियम. फोनवरचे फोटो ती आधी मला पाठवायची, जरा बघ म्हणून, आणि मी काय बघायचो ते आता सांगायला नको. मेहुणीकडे मागितले. तिचा फोन तर माझ्याही वरताण. फोटो काढतानाच सगळ्यांचे गाल पिठासारखे करून ठेवतो, त्यात मेहुणीचं नाकही धड सापडेना. लग्नाआधीचा कागदावरचा एक मिळाला, पण त्यात ही शाळेच्या पन्नास पोरींच्या मागे उभी, चेहरा नखाच्या टोकाएवढा. शेवटी तिचं ओळखपत्र काढलं. त्यावरचा फोटोही मीच काढलेला. सरकारी कागदावरसुद्धा मी बायकोचा तीळ ठेवला नव्हता.

तेवढ्यात ती चहा घेऊन आत आली. मिळाले का म्हणाली. आता सांगणं भागच होतं, तेव्हा मी सगळं सांगितलं. मला वाटलं, आरडाओरडा होईल. ती काचेपलीकडच्या स्टुलावर जाऊन बसली, दिव्यांसाठी बसते त्याच, आणि तिथूनच हळू आवाजात तिनं विचारलं.

"तुम्ही तो का काढत आलात?"

एरवी मला अरेतुरे करणारी बायको तुम्ही-आम्हीवर आली की समजावं, आपलं काही खरं नाही. मी म्हणालो, अगं तूच तर सांगितलंस. पहिल्या महिन्यात मी तुझी पहिली प्रिंट हातात दिली, तेव्हा तू तिळावर बोट ठेवून तो झाकलास. मला कळलं की तुला नको आहे. ती प्रिंट फाडून टाकली आणि तीळ काढून दुसरी दिली. तोंडानं विचारलं नाही, कारण नवीन संसार, उगाच कशाला दुखवा.

"झाकला नव्हता," ती म्हणाली. "दाखवत होते. माझ्या आईलाही तिथेच होता."

चौदा वर्षं मी तो तिच्यासाठी काढत होतो, आणि ती समजत होती की मला तो बघवत नाही. मग बोलली का नाहीस, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. चूक माझी असली की माझा आवाज आपोआप चढतो. ती म्हणाली, बोलणार काय? ज्याच्यासोबत दिवसरात्र राहायचं त्यालाच आवडत नसेल तर मूग गिळून गप्प बसायचं. पहिली दोन-तीन वर्षं वाईट वाटायचं तिला. मग तिलाही फोटोतलाच चेहरा आपला वाटायला लागला. आरशात ती तीळ सोडून बाकीचं बघायची. म्हणून तर बाईंना तिला धड काही सांगता आलं नाही, आणि मूळ फोटो तरी मी जपून ठेवले असतील असं तिनं धरलं होतं.

आणि मी? मी तर तो रोज समोर बघत होतो. बघत होतो की नव्हतो? डोळे मिटून आठवायला गेलो. गोल होता की लांबट? कालच बाईंकडे बघितला होता, तरी मला छातीठोक सांगता येईना, मग दहा वर्षांपूर्वीचं काय सांगणार. हजारदा हातानं काढलेली वस्तू कशी होती ते माहीत नाही, याला काय म्हणावं? मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. ती चहाचा कप तसाच ठेवून दुकानामागच्या घरात निघून गेली.

रविवारी सकाळी दात घासताना मला ठिगळं आठवली.

मला आळशी माणसाची एक सवय आहे. जी गोष्ट प्रत्येक फोटोत येते ती दर वेळी कोण घासत बसणार? तिच्यापुरतं एक ठिगळ कापून ठेवायचं. तिळाच्या कडेकडेनं रेघ मारायची, त्याच मापाचा शेजारच्या चांगल्या कातडीचा तुकडा उचलायचा आणि वेगळा साठवायचा. पुढच्या फोटोत तो नुसता आणून चिकटवला की झालं. कॅमेरा बदलला, दिवे बदलले की रंग जुळत नाही, मग नवीन कापायचं. चौदा वर्षांत बायकोच्या गालाची अशी सात ठिगळं झाली होती. "गाल" नावाच्या फोल्डरमध्ये ती तारखेसकट पडून होती. तीळ मी ठेवला नव्हता, पण त्याच्या मापाची झाकणं ठेवली होती.

तोंडाला फेस तसाच घेऊन मी आतल्या खोलीत पळालो. प्रत्येक ठिगळ त्या त्या वर्षीच्या फोटोवर ठेवलं. माणसाचा डोळा काही या वयात वाढत नाही, म्हणून सगळे फोटो डोळ्याच्या रुंदीनं एका मापाचे करून घेतले आणि सातही ठिगळं एका ओळीत मांडली. पहिली तीन सारखीच, डाळीच्या दाण्याएवढी. चौथं किंचित मोठं. पाचवं त्याहून मोठं. सातवं पहिल्याच्या दुपटीपेक्षा जास्त.

ही कधी मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही. "वाढलाय की," ती म्हणाली.

मला हो म्हणवेना. कारण ती रेघ मारली कोणी होती? मीच. आणि माझ्या हाताचा काय भरवसा? सुरुवातीला मी एकेक कण मोजून काम करायचो. पुढे पुढे हात सैल पडत गेला, हे मला ठाऊक होतं, कोणाला कबूल केलं नव्हतं एवढंच. आधी नुसत्या पुटकुळ्या काढणारा मी हल्ली न विचारता मानेच्या वळ्या काढतो, दंड बारीक करतो, पाटी मागे लटकलेलीच असते. लोकांच्या थोडंसंला नावं ठेवता ठेवता माझंच थोडंसं फुगलं होतं. मग ठिगळ वाढलं ते तीळ वाढला म्हणून, की मी बेफिकीर झालो म्हणून? मी मोजत होतो ते दुखणं तिचं की माझं?

हे तिला सांगितलं तर ती चिडली. चौदा वर्षं काढताना शंका आली नाही आणि आता बरी येते, म्हणाली. खरंच होतं. पण चुकून हो म्हणावं तर हिच्या डोळ्याशी कापाकापी, चुकून नाही म्हणावं तर त्याहून वाईट. मी खुर्ची मागे ढकलली आणि काचेपलीकडे बघत बसलो. पलीकडे आमची फोटोची भिंत, जिच्यापुढे गिऱ्हाईक बसवतो ती. विटांची, वरून पांढरा रंग दिलेली. आणि तिच्यात, स्टुलाच्या जरा वर, ते भोक.

आमच्या आधीच्या भाडेकरूनं घड्याळासाठी खिळा ठोकला होता, जाताना तो उपटून नेला. चौदा वर्षं बायको म्हणतेय बुजव आणि मी म्हणतोय बुजवतो. बुजवलं नाही, कारण फोटोतून काढणं सोपं पडायचं. म्हणजे त्याचंही ठिगळ होतं. कॅमेरा बदलला, दिवे बदलले की त्याचंही नवीन कापत आलो होतो. "भिंत" नावाच्या फोल्डरमध्ये तीही सातच निघाली, त्याच तारखांची, त्याच बैठकीत, त्याच हातानं कापलेली.

गाल वाढेल, पण भिंतीतलं भोक कशाला वाढेल? माझा हात सैल झाला असेल तर तेही ठिगळ फुगलेलं दिसायला हवं.

ती म्हणाली, लाव. मापाला या वेळी वीट घेतली. सातही ठिगळं गालाच्या ओळीखाली मांडली. मग पहिलं उचललं आणि सातव्यावर ठेवलं. सातव्याची कड सगळीकडून केसभर बाहेर दिसली, बस. माझा हात सैल झाला होता तो केसभर. वरच्या ओळीतली बाकीची सगळी वाढ तिळाची होती.

मला रडू फुटलं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणजे दुखणं तिचं आणि धीर मला, असा आमचा कारभार.

सोमवारी बाईंच्या टेबलावर मी प्रिंट ठेवली. वर गुलाबी तुकड्यांची ओळ, खाली पांढऱ्या तुकड्यांची. बाईंनी ती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली.

"हे कशाचे फोटो आहेत? यात तर काहीच नाही."

मी म्हणालो, तेच दाखवायचंय. आणि सांगायला लागलो. गालाचं सांगताना भिंतीवर गेलो, भिंतीवरून विटेवर, माझं मलाच शेंडा ना बुडखा कळेना. मग बायकोनं मला गप्प बसवलं आणि चार वाक्यांत सांगून टाकलं. बाईंनी सगळं परत एकदा विचारून घेतलं, पट्टी घेऊन वरची ओळ मोजली, खालची मोजली, आणि फोन उचलून बुधवारची शस्त्रक्रियेची वेळ घेतली.

बुधवारी तीळ निघाला. तपासणीचा निकाल यायला आठ दिवस लागतील असं सांगितलं. आठ दिवसांत जाईल ते काढायचं, जन्मभर राहील ते ठेवायचं. त्या पाटीकडे मला बघवेना, म्हणून मी ती उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. गिऱ्हाइकं विचारायची, काय काय काढता? मी म्हणायचो, मला माहीत नाही.

सहाव्या दिवशी डोळ्याखाली पट्टी असलेली ही आतल्या खोलीत आली, पहिल्या महिन्यातली ती तीळ काढलेली दुसरी प्रिंट घेऊन. म्हणाली, यात तो परत लाव.

आता कुठून लावू? माझ्याकडे झाकणं होती, वस्तू नव्हती. सगळ्या जगात त्या तिळाचा धड फोटो एकच होता, बाईंनी पट्टी धरून काढलेला. मी जाऊन तो मागून आणला. ज्या फोटोला नावं ठेवली होती त्याच्यातून तीळ कापून घेताना माझा हात किती जपून चालला होता ते माझं मला माहीत. त्याला पहिल्या ठिगळाच्या मापाचा लहान केला आणि तिच्या चौदा वर्षांपूर्वीच्या गालावर ठेवला. आता हे एडिटिंग झालं, की केलेलं एडिटिंग काढणं झालं? मी खूप विचार केला. मला अजून कळलेलं नाही.

ती स्क्रीनजवळ वाकली. मग म्हणाली, "थोडासा लहान कर."

जन्मात पहिल्यांदा त्या शब्दानं माझं डोकं फिरलं नाही. थोडासा म्हणजे किती, असं मी खरंच विचारलं. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं, आणि या वेळी मी ते नीट बघितलं.

निकालाचा फोन दहाव्या दिवशी आला. मधले दोन दिवस मी कसे काढले ते विचारू नका. फोन तिनं घेतला, मी तिच्या कानाला कान लावून उभा. बाई म्हणाल्या, वाईट जातीचाच होता. पण वरच्यावर होता, आत उतरलेला नव्हता, कडा स्वच्छ आल्या आहेत, सगळा निघाला आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं.

"सहा महिन्यांनी आला असतात तर हे मी फोनवर सांगितलं नसतं," त्या म्हणाल्या.

आता तिच्या डोळ्याखाली टाक्याची तिरपी रेघ आहे. पापणी जरा ओढलेली दिसते, डोळा पूर्ण मिटतो. दर तीन महिन्यांनी बाईंना त्या रेघेचा फोटो लागतो. तो मीच काढतो, सपाट उजेडात, सावली न पाडता. ती स्टुलावर बसते आणि पट्टी स्वतः धरते. फोटो कॉम्प्युटरवर आला की माझा हात अजूनही आपोआप ठिगळाकडे जातो. मग मी उठतो आणि हात खिशात घालून उभा राहतो, ती येऊन फाइल पाठवेपर्यंत.

भिंतीतलं भोक अजून तसंच आहे. मध्ये एकदा मी खरंच पुट्टी कालवून आणली होती. तिनं माझ्या हातातून भांडं काढून घेतलं आणि म्हणाली, त्याला हात लावायचा नाही.